सामायिक हिताचा बंब

२०११च्या जनगणनेनुसार गडचिरोली जिल्ह्यात चौरस किलोमीटरमागे माणसं ७४. माणसं कमी म्हणजे कारभारीही कमी, असा कुणाचा समज असेल तर तो त्याने आरमोरीच्या अलीकडेच सोडून यावा. तालुक्याचं गाव म्हणून भामरागड, मुलचेऱ्यासारख्या वस्त्यांनाही नगरपंचायत मिळाली. प्रभाग १७, नगरसेवक १७. एखाद्या प्रभागाची सभा ओट्यावरही मावावी. आता प्रत्येक नगरपंचायतीला स्वतःचा आगीचा बंब हवा, स्वतःचा कचरा डेपो हवा आणि (हे आधी) स्वतःची स्वागत कमान. शेजारणीशी मिळून एकच बंब घेतला, तर नारळ कुणी फोडायचा?

तशी मिळून काम करायची सोय घटनेतच आहे. १९९२च्या दुरुस्तीने आलेलं २४३ झेड-डी कलम सांगतं की, जिल्हा नियोजन समितीने पंचायती आणि नगरपालिकांच्या सामायिक हिताचा, पाणीवाटपाचासुद्धा, एकत्र आराखडा करावा. समिती आहे, बैठका होतात, चहा येतो; चर्चा मात्र मार्चअखेर निधी कुठे जिरवायचा याची. पाणीवाटपाचं म्हणाल, तर ते पर्लकोटा नदी वर्षानुवर्षं परस्पर उरकत आली आहे. पुलावरून पाणी जातं, भामरागड तुटतं आणि तेवढे दिवस तिथली नगरपंचायत खरोखरच स्वायत्त असते.