वाफाऱ्याचा नाद

अमेरिकेच्या ईशान्य भागात, म्हणजे बोस्टनच्या उपनगरांत, ब्रुकलिनमध्ये किंवा फिलाडेल्फियाच्या आसपास, जानेवारीतल्या पहाटे एखाद्या घराच्या तळघरात विजेरी हललेली दिसली, तर चोर समजून पोलिसांना बोलावू नये. तो घरमालकच असतो. अंगात रात्रीचा पायजमा, त्यावर जुना कोट, हातात स्टॉपवॉच आणि कान नळाकडे. रात्रभर निवालेला बॉयलर पहिल्यांदा पेटतो तो याच वेळी. वाफ मुख्य नळाच्या टोकाला किती मिनिटांत पोचते हे मोजायचं तर आत्ताच मोजायला हवं, एकदा नळ तापले की दिवसभराची संधी गेली. दिवसा हा गृहस्थ दंतवैद्य असेल, वकील असेल, शाळेत व्हायोलिन शिकवत असेल. पहाटे तो स्टीमवाला असतो. त्याच्याकडे वेडा म्हणून बघायची रीत आहे: बायको बघते, शेजारी बघतात, प्लंबर तर बघतोच. माझं म्हणणं एवढंच की हे वेड त्याने हौसेने लावून घेतलेलं नाही. घराने ते त्याला लावलं आहे, आणि त्या घराची रचना व बाजारातल्या कारागिरांचा हिशेब हे दोन्ही एकत्र मांडले, तर असा माणूस निर्माण न होणंच नवलाचं ठरलं असतं.

आधी रचना. १९०० ते १९३० च्या सुमारास बांधलेल्या या घरांच्या तळघरात बॉयलर असतो. पाणी उकळलं की त्याची वाफ सुमारे सतराशे पट जागा मागू लागते. तिला ढकलायला पंप नाही, पंखा नाही. ती आपली आपण नळांतून चढते, खोल्याखोल्यांतल्या बिडाच्या रेडिएटरांत शिरते, तिथे तिचं पाणी होतं, आणि ते पाणी उतारावरून पुन्हा बॉयलरमध्ये येतं. बऱ्याच घरांत नळही एकच. वर जाणारी वाफ आणि खाली येणारं पाणी दोघांनी त्यातच भागवायचं. वाटेत अडून बसलेली असते ती हवा. ती गेल्याशिवाय वाफ पुढे सरकत नाही, म्हणून प्रत्येक रेडिएटरला एक बोटभर व्हेंट असतो, हवा फुसफुसत सोडणारा आणि वाफेचा चटका लागताच मिटणारा. आपल्याला वाफ म्हटली की कुकर आठवणार, तेव्हा दाबाचा हिशेब त्यानेच करू. आपल्या कुकरची शिट्टी चौरस इंचाला साधारण १५ पौंडांवर होते. बरोबर त्याच १५ पौंडांवर या घरांतल्या बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उडतो. म्हणजे आपल्याकडे जेव्हा डाळ शिजायला लागते, तेव्हा त्यांच्याकडे आणीबाणी जाहीर होते. घर तापायला दीड-दोन पौंड पुरतात, आणि स्टीमवाल्याला विचाराल तर तेही फार झाले.

आता या यंत्रणेची दुखणी बघा. वरच्या मजल्यावरची खोली गार राहते. मध्यरात्री नळात कोणीतरी हातोडा मारल्यासारखे ठोके पडतात. व्हेंट पाण्याच्या पिचकाऱ्या मारतो. यातलं एकही दुखणं असं नाही की ज्याला भाग मोडला, भाग बदलला असं सोपं उत्तर आहे. ठोके पडतात कारण कुठेतरी नळ खचून त्याचा उतार गेलेला असतो. तिथे पाणी साचतं, वाफ त्यावर येऊन एका क्षणात विरते, पोकळी होते आणि पाण्याचा गोळा त्या पोकळीत धावून पुढच्या एल्बोवर आदळतो. हे कुठे होतं ते ओळखायला तळघरात शांत बसून ऐकावं लागतं, मग पाणसळ लावून नळ तपासावा लागतो. जुन्या नियमाप्रमाणे दर वीस फुटांना एक इंच उतार हवा. रेडिएटरखाली पाचर घालून तो व्हॉल्व्हच्या बाजूला किंचित कलता करावा लागतो. कोणी सोंगट्या घालतात, कोणी नाणी. आणि मग वाट पाहायची, कारण केलेला उपाय लागू पडला की नाही हे सगळं थंड होऊन पुन्हा तापल्याशिवाय कळत नाही. यातली सामग्री फुकटात जमा, आणि वेळ मात्र बेहिशेबी. तासाला दाम लावणाऱ्या प्लंबरने हे करायचं म्हटलं तर घरमालकाचं दिवाळं निघेल, आणि दाम न लावता केलं तर प्लंबरचं.

म्हणून प्लंबर काय करतो? तो दाब वाढवतो. गार खोलीवर यापेक्षा झटपट इलाज नाही, आणि यापेक्षा चुकीचाही नाही. वाफेला अडवणारी हवा आहे. वाट अडलेल्या गर्दीला मागून रेटा दिल्याने दार रुंद होत नाही. शिवाय दाबाखालची वाफ दाट असते, तेवढीच ऊब वाहून नेताना ती नळातून उलट सावकाश चालते. नवा बॉयलर बसवतानाही तेच. नळांना आटे पाडताना लावलेलं तेल नव्या बॉयलरच्या पाण्यावर तरंगतं, पाणी उसळतं, वाफेबरोबर वर ओढलं जातं. ते तेल काढायला पाणी पेन्सिलीएवढ्या बारीक धारेने तासन्‌तास वरच्या वर सोडत राहावं लागतं, आणि एकदा करून भागेलच असं नाही. संध्याकाळी पाचला गाडी काढणारा कोणता माणूस त्या धारेपाशी बसेल? ज्याचं घर आहे तोच. तळघरात बादली मांडून, पुस्तक घेऊन तो बसतो, आणि ती बादली भरेपर्यंत स्टीमवाला झालेला असतो.

हातातलं ते पुस्तक बहुधा डॅन होलोहान यांचं ‘द लॉस्ट आर्ट ऑफ स्टीम हीटिंग’ असतं. १९९२ साली आलेल्या या पुस्तकाचं या पंथातलं स्थान आपल्याकडे पोथीला असतं तसं. शतकापूर्वी ज्या कारागिरांनी ही घरं नळांनी विणली, त्यांना या मंडळींत ‘डेड मेन’ म्हणतात. त्यांचा उल्लेख नेहमी आदरार्थी, त्यांच्या बुद्धीवर शंका घेणं पाप, आणि त्यांनी केलेलं काही कळलं नाही तर कमतरता आपल्यात. हा आदर भाबडा वाटतो, पण त्याला पुरावा आहे. बॉयलरजवळ नळाचं एक विचित्र वेटोळं असतं, हार्टफर्ड लूप. कनेक्टिकटमधल्या बॉयलर तपासणाऱ्या व त्यांचा विमा उतरवणाऱ्या हार्टफर्ड कंपनीने १९१९ मध्ये ते पुढे आणलं. परतीचा नळ फुटला तरी बॉयलरमधलं सगळं पाणी निसटून जाऊ नये, एवढंच त्याचं काम. पण त्यात एकही हलणारा भाग नाही, म्हणून बिघडायला काही नाही. याउलट पुढच्या पिढ्यांनी जे जे सुधारलं ते पाहा. नळांवरचं अॅस्बेस्टॉसचं आवरण आरोग्याच्या योग्य काळजीने काढलं, आणि त्या जागी दुसरं काही घालायचं राहून गेलं. वाफ प्रत्येक पौंडामागे ९७० बीटीयू उष्णता पोटात घेऊन निघते आणि त्यातला चांगला वाटा तळघरातल्या कोळ्यांना वाटून वर पोचते. कोणी रेडिएटर चंदेरी रंगवले. धातूच्या रंगाने त्यांची ऊब घटते. (त्यावर साधा रंग दिला की ती परत येते, कारण हिशेब फक्त सर्वांत वरच्या थराचा. हे कळल्यावर स्टीमवाल्याला झालेला आनंद घरातल्या कोणाला वाटून घेता येत नाही.) कोणी गळणारे व्हेंट काढून तिथे बूच मारले. तेव्हा ‘चाललंय ते कशाला बिघडवता’ हा त्याच्यावरचा नेहमीचा आक्षेप मुळातच उलटा आहे. बिघडवून झालेलं आहे, पन्नास-साठ वर्षं सावकाश बिघडवून झालेलं आहे. तो फक्त निस्तरतो आहे.

इथपर्यंत मी त्याचा वकील. यापुढे मात्र अशील स्वतःच खटला बिघडवतो, कारण निस्तरून झाल्यावर तो थांबत नाही. सगळ्या खोल्या गरम झाल्या, ठोके बंद झाले, की माणसाने वर येऊन कॉफी प्यावी. हा नवा दाबमापक आणतो. बॉयलरवर असलेला मापक ० ते ३० पौंडांचा. दीड पौंडाला त्याचा काटा जेमतेम कूस बदलतो. म्हणून शेजारी ० ते ३ चा दुसरा. मग दाबाचं बटण पौंडांऐवजी औंसांत चालणारं. जगातले बाकीचे शौकीन जास्तीच्या मागे असतात. गाडीवाल्याला वेग हवा, गाण्यावाल्याला आवाज. याची महत्त्वाकांक्षा खाली खाली जाते: दोन पौंड, एक पौंड, आठ औंस. एम्पायर स्टेट बिल्डिंग दोन-तीन पौंडांत तापते हा दाखला त्याच्या जिभेवर, मग आपल्या दुमजली घराने एवढा माज का करावा? अखेरची सिद्धी अशी की बॉयलर आणि रेडिएटर यांचं माप तंतोतंत जुळावं, वाफ झाली तेवढी खपावी आणि काटा शून्यावरून हलूच नये. काही न दिसण्यासाठी त्याने अतिशय चांगला मापक घेतलेला असतो.

माप जुळवायच्या या नादामुळे त्याला जेवायला बोलावणं अवघड होतं. यजमान कोट घेत असतात तोवर याची नजर खिडकीखाली गेलेली असते. तीन खांबी, अडतीस इंच उंच, दहा कप्पे. एका कप्प्याला पाच चौरस फूट, म्हणजे पन्नास. चौरस फुटाला तासाला २४० बीटीयू, म्हणजे १२ हजार. ही बेरीज तो मनात करतो असं त्याला वाटतं, पण ओठ हलत असतात. मग टेबलाभोवती गप्पा चालू असताना कुठेतरी व्हेंट फुसफुसतो, आणि तो मध्येच थांबून म्हणतो, ‘मेन व्हेंटिंग कमी पडतंय तुमच्याकडे.’ यजमानीणबाईंना वाटतं ही एखादी आजाराची गोष्ट आहे. सूप संपेपर्यंत यजमान आणि तो दोघेही तळघरात दिसेनासे होतात. पंथ वाढतो तो असा.

या साऱ्यात धोका नाही का, हा आक्षेप गंभीर आहे आणि थट्टेवारी नेण्यासारखा नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रॉक्टन गावी १९०५ मध्ये ग्रोव्हर शू फॅक्टरीचा बॉयलर फुटून ५८ माणसं गेली. अमेरिकेतले बॉयलरचे कडक नियम त्यानंतर आले. आपल्याकडेही १९२३ च्या बॉयलर कायद्याखाली गिरणीतला बॉयलर परवानाधारक अटेंडंटच्या हाती असे, आणि इथे दंतवैद्य पायजम्यात तो चालवतो आहे. पण ते गिरणीचे, कारखान्याचे दाब. घरच्या बॉयलरचा खरा शत्रू दाब नव्हे, आटलेलं पाणी. कोरड्या तापलेल्या बिडावर गार पाणी पडलं की ते तडकतं, प्रसंगी त्याहून वाईट होतं. त्यासाठी पाणी कमी झालं की आच बंद करणारं एक साधन असतं. त्यातल्या तरंगकाट्याच्या जातीत गाळ साचू नये म्हणून दर आठवड्याला बादलीभर पाणी सोडून ते साफ करायचं असतं. शेजारच्या नादिष्ट नसलेल्या घरांत हे कोण करतं? बहुतेक ठिकाणी बॉयलरची पातळी दाखवणाऱ्या काचनळीत पाणी आहे की चहा, हेही कोणी बघत नाही. ज्वाला आणि गॅस यांना हात न लावण्याइतकी अक्कल स्टीमवाल्याला असेल, तर तो त्या आळीतला सर्वांत सुरक्षित घरमालक ठरतो. ही अट मात्र सोडता येत नाही. वाफेची चूक ठोके देऊन कळवते, धुराची चूक काहीच कळवत नाही.

बचतीचा मुद्दा तो स्वतःच काढतो, तेव्हा त्यावर फार विश्वास ठेवू नये. नळांना आवरण घातल्याने, मुख्य नळाला मोठे व्हेंट लावल्याने इंधन वाचतं, हे खरं. पण ही पहिल्या हिवाळ्यातली कामं. पुढच्या हिवाळ्यांत तो जे करतो, म्हणजे पाहुण्यांच्या खोलीला चार नंबर की पाच नंबर, न्हाणीघराला सी की डी, अशी व्हेंटची अदलाबदल, तिची किंमत गॅसच्या बिलातून वसूल होणं कठीण. ड्रॉवरभर व्हेंट साठतात. जुने व्हिनेगरमध्ये भिजत ठेवलेले, आणि ते नेमके त्या बाटलीतल्या व्हिनेगरमध्ये जी स्वयंपाकघरात शोधली जात असते. बिल दाखवून तो जे सिद्ध करू पाहतो त्याची गरजच नाही. कारण आणि परिणाम यांच्यामधला धागा डोळ्यांनी दिसेल, कानांनी ऐकू येईल आणि पाना लावून फिरवता येईल, असं त्याच्या घरात दुसरं उरलंय काय? फ्रिज, गाडी, फोन, सगळ्यांची झाकणं बंद. बिडाचा रेडिएटर एवढाच असा राहिला आहे की ज्याला पाचर घातली तर त्याचं वागणं बदलतं.

राहिला काळाचा आक्षेप: हे सगळं भंगारात काढून हीट पंप बसवा, घर गरम होईल, उन्हाळ्यात गारही होईल, धूरही नाही. याला त्याच्याकडे खरं उत्तर नाही, आणि तो प्रामाणिक असेल तर तसं कबूलही करतो. मुलगी आकडेवारी मांडते, बायको मुलीच्या बाजूने, सरकारी सवलतीचा कागद टेबलावर. अखेर तो होकार देतो. वरच्या मजल्यावर पंप बसतात, भिंतीवर पांढऱ्या पेट्या येतात, खोल्या आवाज न करता गरम होतात. बॉयलर फक्त ठेवायचा, कडाक्याच्या थंडीत पंप कमी पडला तर असावा म्हणून. आता अडीअडचणीला ठेवलेली वस्तू चालू स्थितीत आहे की नाही, हे अधूनमधून पाहायलाच हवं. ते तो दर आठवड्याला पाहतो, आणि एकेका वेळी त्याला तीन तास लागतात.