समुद्राला निचरा नाही

भाऊबीज झाली की आष्ट्याला समुद्र आठवतो. तिच्याआधी सोयाबीनची मळणी, फराळ, लेकींचं येणंजाणं, तिच्यानंतर ऊसतोड. कारखान्याचा बॉयलर पेटलेला, पण मोळी अजून पडायची, दराचं आंदोलन किती ताणणार ते कुणालाच ठाऊक नाही, आणि शाळांना सुट्टी. एवढ्या फटीत जो अख्खं घर सात शीटच्या गाडीत कोंबून आंबा घाट उतरतो, त्याला आष्ट्यात कुठल्याही गल्लीत आप्पा म्हणतात.

आप्पा गाडी चालवत नाहीत, ती थोरला चालवतो. आप्पा शेजारी बसून थोरल्याला चालवतात. पहाटे चारला निघायचं म्हणून तीनला सगळ्यांना उठवलेलं असतं. डिकीत भडंगाचा डबा, खर्डा, ज्वारीच्या भाकरी आणि भरली वांगी, कारण ‘कोकणात खायाला काय मिळतंय?’ या प्रश्नाचं उत्तर त्यांना नकोच असतं. उजाडलं की आप्पांची मान खिडकीकडे वळते ती दुसऱ्यांचा ऊस बघायला. “ह्येची लावण उशिरा झालीया. ह्येला लागवड कमी पडली. ह्यो गडी आडसालीत फसला.” असे निकाल देत देत बांबवडे जातं, मलकापूर जातं. मग ऊस संपतो आणि आप्पांना डुलकी लागते. आंबा घाटातलं धुकं, दरीतलं रान, खाली उलगडत जाणारं कोकण, सगळं त्यांच्या घोरण्याच्या तालावर पार होतं.

साखरप्याच्या पुढे जाग येते. भातकापणी चाललेली. “एवढंसं खाचर? आमच्याकडं एवढ्यात कडबा रचत्यात,” असं म्हणून ते कोकणी माणसाची मनापासून कीव करतात. ही कीव रत्नागिरीपर्यंत टिकते.

आरे-वारेच्या चढावर सूनबाईंनी धीर केला. खाली दोन किनारे, मधे टेकडी, कडेला सुरूचं बन, ऊन असं की पाणी निळं की हिरवं ठरत नाही. “आप्पा, पाच मिनिटं थांबूया की. फोटो काढू.”

“पुढं ह्याच्यापरीस भारी हाय. चल रं.”

ते ‘पुढं’ अजून कुणी पाहिलेलं नाही.

गणपतीपुळ्याला दर्शन झालं, डोंगराला प्रदक्षिणा झाली आणि विजार दुमडून आप्पा घोटाभर पाण्यात उभे राहिले. नातवंडं लाटांत लोळत होती. आप्पांनी बोट बुडवून जिभेला लावलं. कृष्णाकाठच्या माणसाला मिठाचं नवल नाही. उसाला पाटानं पाणी पाजून पाजून वाळवा तालुक्यातल्या कितीतरी चांगल्या रानांवर पांढरं मीठ फुललंय. आप्पांचंही खालचं रान त्यात गेलं होतं. चर मारून, भोकांचे पाईप गाडून, पाणी ओढ्याला काढून त्यांनी ते कसंबसं परत आणलं. तो सगळा खर्च डोळ्यांपुढे आला असावा, कारण क्षितिजापर्यंत नजर टाकून ते म्हणाले, “ह्येला निचराच न्हाय.” अरबी समुद्रावरचं त्यांचं मत एवढंच.

दुपारी खानावळीत सोलकढी आली, तर “पांढऱ्या रश्श्याला ह्यो कसला रंग लागलाय?” म्हणून वाटी सरकवली. पण खानावळवाल्याची हापूसची बाग पाहिल्यावर त्यांच्यातला शेतकरी जागा झाला.

“पाणी कितव्या दिवशी देता?”

“देत नाही.”

“ठिबक हाय?”

“नाही हो. मोठ्या झाडाला कशाला? पाऊस गेला, ऑक्टोबरचं ऊन लागलं, जमीन सुकली, झाडाला ताण बसला की मोहर धरतो. आत्ता पाणी पाजलंत तर नुसती पालवी फुटेल.”

आप्पा गप्प. असं पीक असू शकतं हे त्यांच्या हिशेबात कुठेच बसेना. काकूंनी, म्हणजे आप्पांच्या कारभारणीनं, अनेक वर्षांची उधारी त्या एका क्षणात वसूल केली: “ऐकलंसा न्हवं? न पाजता बी येतंय पीक.”

त्या रात्री समुद्राच्या गाजेत सगळे झोपले. आप्पा मात्र बाराला उठले. त्या आठवड्यात लाईट रात्रीची होती. पुळ्याच्या खोलीतून त्यांनी मोबाईलवर आष्ट्याची मोटर चालू केली आणि समाधानानं कूस बदलली.

दुसऱ्या दिवशी मालगुंडला केशवसुतांचं स्मारक. नातीनं पाठ्यपुस्तकी उत्साहानं सांगितलं, “आप्पा, जन्म १८६६ चा. ‘तुतारी’ यांचीच.” आमचा मतदारसंघ इस्लामपूरचा, तिथं तुतारी म्हणजे पक्षाचं चिन्ह, तेव्हा आप्पांनी आवाज खाली आणून विचारलं, “मग दुसऱ्या गटात कोण गेलं?”

बेत असा होता: जयगडला गाडी फेरीबोटीत घालायची, खाडीपलीकडे तवसाळ, मग हेदवी, गुहागर आणि चिपळूणवरून कुंभार्ली घाट चढून परत. बोटीनं धक्का सोडला आणि मुकादमाचा फोन आला. टोळी उतरली होती. सकाळी फडात कोयता लागणार.

“मागं फिरीव गाडी!” आप्पा ओरडले. थोरल्यानं प्रथमच, आयुष्यात प्रथमच, दोन्ही हात स्टिअरिंगवरून उचलून दाखवले. चहूकडे शास्त्री नदीची खाडी. सूनबाई निवांत फोटो काढत होत्या.

दुसरं काही करता येईना, तेव्हा आप्पा गाडीतून उतरून बोटीवरच्या माणसापाशी गेले.

“एका खेपंला किती टन नेता?”

त्यानं काहीतरी सांगितलं.

“मग दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टर बसंल की न्हाय?”

“बसेल,” तो म्हणाला, “पण काका, पलीकडे कारखाना नाही.”