तीन साते एकवीस

‘मॅजिक: द गॅदरिंग’ या पत्त्यांच्या खेळातलं माझं सगळं धोरण तीनाच्या पाढ्यात बसतं. समोरच्याकडे वीस जीव असतात. माझ्याकडे लायटनिंग बोल्ट नावाचा पत्ता: एक लाल माना, म्हणजे खेळातलं चलन, खर्चायचा, तीन जीव घ्यायचे. तीन साते एकवीस. सात वेळा वीज पाडली की समोरचा आडवा, आणि वर एक जीव उरतो ती माझी दक्षिणा. रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने 1993 मध्ये हा खेळ आणला, त्या पहिल्या संचापासून बोल्ट त्यात आहे. गणितज्ञाच्या खेळात एखादा माणूस पाढ्यांवरच थांबला, तर त्याला कमी लेखू नये.

डेकमध्ये एका पत्त्याच्या चारच प्रती चालतात, हा पहिला अडथळा. त्यावर उपाय म्हणजे बोल्टचे भाऊबंद. लाव्हा स्पाइक, रिफ्ट बोल्ट, तेही एका मानात तीन-तीनच काढतात. या घराण्याला मॉडर्न फॉरमॅटमध्ये ‘बर्न’ म्हणतात आणि तिथे त्याला मान आहे. 

पण मॉडर्नचा उंबरा ओलांडून दुसऱ्या फॉरमॅटमध्ये गेलं की पाढा चुकायला लागतो. आमच्या आत्याला हे कळेना. “तोच पत्ता ना? मग इथे वाघ आणि तिथे शेळी कशी?” शेवटी तिच्या भाषेत सांगितलं. मेंढीकोटात दश्शीसाठी भांडणं होतात, घरं फुटायची वेळ येते. रमीत तीच दश्शी सुटी हातात राहिली तर दहा गुणांचं ओझं. आत्या क्षणभर गप्प झाली आणि म्हणाली, “मग तू रमीत मेंढ्या कशाला गोळा करतोस?” या प्रश्नावर इंटरनेटवर हजारो पानं लिहिली गेली आहेत. एकानेही इतक्या थोडक्यात अपमान केलेला नाही.

स्टँडर्डचं बघा. तिथे अलीकडचेच संच चालतात, जुने निवृत्त होतात. बोल्ट 2009 मध्ये तिथे परत आला, 2011 मध्ये पुन्हा बाहेर गेला. त्यानंतर त्याच कामाला जे पत्ते येतात ते बहुतेक एकतर दोनच जीव काढतात, नाहीतर तिनासाठी दोन माना मागतात. दोनाचा पाढा म्हटला की विसापर्यंत दहा पायऱ्या. तेवढ्या वेळात समोरच्याचा राक्षस माझ्या दारात उभा असतो.

व्हिंटेजमध्ये उलटं. तिथे जवळजवळ सगळं चालतं. फारच माजलेल्या पत्त्याला एका प्रतीवर आणून ठेवतात, एवढीच शिस्त. मी पहिली जमीन, म्हणजे माना देणारा पत्ता, मांडतो, वीज पाडतो, तीन जीव घेतो आणि समाधानाने पाण्याचा घोट घेतो. समोरचा ब्लॅक लोटस ठेवतो. फुकटचा पत्ता, मोडला की तीन माना. त्यातले दोन टाइम वॉकमध्ये घालतो, म्हणजे त्याच्या पाळीनंतर पुन्हा त्याचीच पाळी. माझा घोट अजून घशात असतो. सतरा जीव उरलेत की सतराशे, याचं त्याला काही सोयरसुतक नसतं.

ड्राफ्टमध्ये तर डेक घरून आणताच येत नाही. पाकीट फोडा, एक पत्ता घ्या, बाकीचे शेजाऱ्याला द्या, आणि जमलं त्यातून चाळीस पत्त्यांचा संसार थाटा. हाताला लागलेल्या दोन-तीन विजा समोरच्याच्या टाळक्यात घालायच्या नसतात, त्याच्या प्राण्यांवर जपून वापरायच्या असतात. हे ज्ञान मला भाच्याने दिलं. तो शिकवतो तेव्हा “मामा” या हाकेत आदर कमी आणि चिंता जास्त असते.

आणि मग कमांडर. पंचांनी स्पर्धेतली दिवसभराची पंचगिरी आटोपून रात्री खेळत वाढवलेला हा प्रकार खेळ काढणाऱ्या कंपनीने 2011 मध्ये तयार डेक काढून दुकानात आणला. शंभर पत्त्यांचा डेक, मूळ जमिनी सोडल्या तर प्रत्येकाची एकच प्रत, चार खेळाडू, प्रत्येकी चाळीस जीव. सोल रिंग नावाची अंगठी लेगसी फॉरमॅटमध्ये बंदी घातलेली, व्हिंटेजमध्ये एकच प्रत. इथे ती जवळजवळ प्रत्येकाच्या डेकमध्ये. माझं गणित मात्र असं: तीन शत्रू, एकशेवीस जीव, चाळीस विजा हव्यात, हातात एक. ती एक कुणावर पाडली, तर दोघं हसतात आणि तिसरा डाव संपेपर्यंत डूख धरतो.

तरी मी ती एक ठेवतोच. जातिवंत लाल खेळाडू सवय सोडत नाही.

एकदा भाच्याने फेलिडार सॉव्हरिन मांडलं. 2009 च्या झेंडिकार संचातलं हे मांजर म्हणतं, तुझ्या पाळीच्या सुरुवातीला चाळीस किंवा जास्त जीव असतील तर तू जिंकलास. वीस जीवांच्या खेळात त्यासाठी मरमर करून जीव दुप्पट करावे लागतात. कमांडरमध्ये चाळीस जन्मतःच मिळतात. कुणी ओरखडा काढला नाही की झालं. भाच्याला त्या दिवशी कुणी ओरखडा काढला नव्हता. आम्ही तिघं आपापसात भांडत होतो. त्याची पाळी आली, त्याने पत्त्याकडे बोट दाखवलं आणि “जिंकलो ना?” असं अतिशय गोड विचारलं.

मी बोल्ट टाकला. बोल्ट दुसऱ्याच्या पाळीतही टाकता येतो, आणि मांजराची अट निकालाच्या क्षणी पुन्हा तपासली जाते. सदतीस. टेबलावर जल्लोष झाला, मला टाळ्या मिळाल्या. मग टाळ्या वाजवणाऱ्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, हा मामा वाटतो तेवढा निरुपद्रवी नाही असं त्यांचं ठरलं, आणि पुढच्या फेरीत त्यांनी भाच्याला घेऊन सगळ्यात आधी मला संपवलं.