सोळा मतं

प्रशांत महासागरात टोकेलाऊ नावाचा प्रदेश आहे. आटाफू, नुकुनोनू आणि फाकाओफो ही तीन प्रवाळबेटं, लोकवस्ती दीड हजाराच्या आसपास. विमानतळ नाही. सामोआतल्या आपियाहून बोटीत बसायचं आणि एक दिवसाहून जास्त समुद्रात काढायचा. कारभार न्यूझीलंडच्या छत्राखाली, पण गावात शब्द चालतो तो वडीलधाऱ्यांच्या सभेचा.

न्यूझीलंडशी मुक्त सहयोगाचा करार करून स्वतःचा कारभार स्वतः चालवायचा का, असं या लोकांना दोनदा विचारलं गेलं. फेब्रुवारी 2006 मध्ये साठ टक्के लोक ‘हो’ म्हणाले. ऑक्टोबर 2007 मध्ये 692 वैध मतांपैकी 446 ‘हो’ पडली, म्हणजे चौसष्ट टक्क्यांच्या वर. प्रस्ताव दोन्ही वेळा पडला, कारण अट दोन तृतीयांशांची होती. दुसऱ्या खेपेला कमी पडली फक्त सोळा मतं.

तेव्हापासून बाहेरचे लोक या बेटांना नावं ठेवत आले आहेत. कुणी म्हणतं, भित्रे आहेत. कुणी म्हणतं, यांना अनुदानाची चटक लागली आहे. मला हे बोलणं उद्धट वाटतं. न्यूझीलंडने यांना अडवून धरलं नव्हतं, उलट कराराचा मसुदा तयार होता. संयुक्त राष्ट्रांनाही वसाहतींच्या यादीतून एक नाव कमी झालेलं हवंच होतं. घाई या दोघांना होती. आणि दोन तृतीयांशांची अट? ती टोकेलाऊच्या स्वतःच्या सर्वसाधारण सभेने, म्हणजे फोनोने, घातलेली. जिथे सगळे एकमेकांचे नातलग आणि मासळीही गावात वाटून घ्यायची, तिथे एक्कावन्न विरुद्ध एकोणपन्नास असा निकाल गाव फोडतो. अट शहाणपणाची होती.

‘नाही’ म्हणणारे 246 जणही बिनडोक नव्हते. टोकेलाऊत राहतात त्याच्या कितीतरी पट टोकेलाऊकर न्यूझीलंडमध्ये राहतात. मुलगा तिकडे, बहीण तिकडे. आजार बळावला की आधी सामोआ, मग तेच न्यूझीलंड. हे सगळं चालतं ते 1948 पासून हातात असलेल्या नागरिकत्वावर. ते जाणार नाही असं सरकारने सांगितलं होतं, पण ज्याचं घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे त्याने अशा शब्दाची पारख दहा वेळा करावी. या बेटांची उंची कुठेच पाच मीटरच्या फारशी वर जात नाही. उद्या पाणी चढलं, तर हे लोक उतरणार कुठे? संयुक्त राष्ट्रांच्या यादीला या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही.

मला खटकतं ते वेगळंच. न्यूझीलंडमध्ये राहणाऱ्या टोकेलाऊकरांना मतच नव्हतं. बेटावर राहणाऱ्यांनीच ठरवावं, हा युक्तिवाद मला समजतो. पण ज्यांच्या पैशावर आणि आधारावर घरं उभी आहेत, आणि म्हातारपणी ज्यांना परतायचं आहे, त्यांना एका शब्दानेही कौल देता येऊ नये, हे अन्यायाचं आहे. पुढच्या वेळी त्यांचं मत वेगळं मोजा, हवं तर सल्ल्यापुरतं धरा, पण मोजा.

आणि पुढची वेळ कधी, हे फोनोलाच ठरवू द्या. स्वयंनिर्णयात ‘आत्ता नको’ म्हणण्याचा हक्कही येतो, आणि टोकेलाऊने तो दोनदा बजावला आहे.