'ए'च्या पुढे

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात नॉर्मन लुईसचं 'वर्ड पॉवर मेड ईझी' मागा, दुकानदार मान वर न करता काढून देतो. पुस्तक १९४९ सालचं, खप आजही जोरात. कुणाचीही जुनी प्रत उघडून बघा. माणसांच्या स्वभावांवरच्या प्रकरणात पेन्सिलीच्या रेघा, समासात मराठी अर्थ, चहाचे डाग. पुढे डॉक्टरांचे प्रकार सुरू होतात आणि तिथून पानं कोरी करकरीत. त्यामुळे शेजाऱ्याला 'मिसॅन्थ्रोप' म्हणू शकणारे पुष्कळ. 'पोडायट्रिस्ट' पायाचा की पोटाचा, हे विचारू नये.

जीआरईवाल्यांचं दैवत वेगळं: बॅरन्सची साडेतीन हजार शब्दांची यादी, तीही अकारविल्हे. अमेरिकेला जायच्या तयारीत माझा मामेभाऊ पहाटे उठून घोकायचा. अबेट, अबेरंट, अ‍ॅब्स्टीमियस. भाजी निवडता निवडता मामी त्याची उजळणी घ्यायची. 'बी' लागला की त्याला झोप यायची. दुसऱ्या दिवशी काल विसरलं म्हणून पुन्हा 'ए'पासून. परीक्षा आटोपल्यावर तो सगळं विसरला, मामी मात्र अजून विसरलेली नाही. साखर वाढल्यापासून मामा चारचौघांत श्रीखंडाला नको म्हणतात. मामी लगेच खुलासा करते, "हे अ‍ॅब्स्टीमियस झालेत हो, रात्री फ्रीज उघडेपर्यंत."

ऑगस्ट २०११मध्ये त्या परीक्षेतून विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्नच काढून टाकले. मामेभाऊ त्यानंतर परीक्षा दिलेल्या भाच्यांशी जरा तुटक वागतो.

'ए'च्या पलीकडे आपल्याला नेलं ते शशी थरूरांनी, मे २०१७मध्ये, 'फरागो' ट्विट करून. सगळा देश शब्दकोशात 'एफ'वर उतरला. पुढच्या वर्षी त्यांनी एकोणतीस अक्षरांचा 'फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन' सोडला. तोही 'एफ'चाच! एखादी गोष्ट कवडीमोल ठरवणं, एवढाच त्याचा अर्थ. आमच्याकडे लग्नात आहेराची साडी उलटीपालटी करून आत्या हेच काम एकही अक्षर न उच्चारता करते. मधले बी, सी, डी, ई अजून कुणी मनावर घेतलेले नाहीत.

मामेभाऊ आता न्यू जर्सीत स्थायिक आहे. तिथे इतक्या वर्षांत त्याला 'अबेरंट' एकदाही लागला नाही. पगार वाढला, बर्फ पडलं, मामीने पाठवलेला लाडवांचा डबा फुटून पोचला, सगळ्याला तो एकच शब्द वापरतो: 'ऑसम'. मामीने स्पेलिंग विचारून घेतलं आणि समाधानाने म्हणाली, "म्हणजे 'ए'चाच की!"