शिजेपर्यंतही दम नाही

ईटीव्ही मराठीवर 'चार दिवस सासूचे' 2001 मध्ये सुरू झाली आणि 2013 पर्यंत चालली. तीन हजारांहून जास्त भाग झाले. पाटी चार दिवसांची, मुक्काम अकरा वर्षांचा. आता हिशेब उलटा झालाय. नावात साताजन्मांच्या गाठी असतात आणि चौथ्या महिन्यात बातमी येते, 'ही लोकप्रिय मालिका घेणार प्रेक्षकांचा निरोप'. घरात विचारावं, ही कुठली? कोणालाच सांगता येत नाही. मालिका लोकप्रिय होती हे कळतं तेच मुळी ती बंद पडताना.

नावांनी तर काही मालिकांची फारच थट्टा केली आहे. विझू द्यायचं नसतं ते अग्निहोत्र. स्टार प्रवाह 2008 मध्ये सुरू झालं तेव्हा पहिल्या 'अग्निहोत्र'ने वाडा, गणपती आणि पांगलेलं कुटुंब एवढ्या सामानावर लोकांना धरून ठेवलं होतं. 2019 च्या डिसेंबरात दुसरं 'अग्निहोत्र' पेटवलं, त्याने अक्षय्य तृतीयाही पाहिली नाही. झी मराठीने 'सत्यवान सावित्री' आणली ती 2022 च्या जूनमध्ये, वटपौर्णिमेचा मुहूर्त साधून. यमाच्या हातून नवरा सोडवणाऱ्या सावित्रीला वाहिनीच्या हातून स्वतःची मालिका काही सोडवता आली नाही. पुढच्या वटपौर्णिमेला वडाला फेऱ्या मारायला बायका होत्या, मालिका नव्हती.

या यमाचा वार गुरुवार. कोणती मालिका किती जण बघतात हे मोजणाऱ्या 'बार्क'चे आठवड्याचे आकडे गुरुवारी येतात आणि घोडबंदर रोडवरच्या सेटपासून वाहिनीच्या कार्यालयापर्यंत सगळ्यांचा त्या दिवशी कडक उपास असतो. देशात टीव्ही असलेली घरं वीस कोटींच्या वर आणि 'बार्क'चं मीटर लावलेली पन्नास हजारांच्या थोडी पुढे. म्हणजे तुम्ही रोज साडेसातला भक्तिभावाने टीव्हीसमोर बसलात तरी मालिकेला त्याचा काडीचा उपयोग नाही. मीटरवाल्या घरातल्या आजींना त्या वेळी डुलकी लागली, तर मात्र नायिकेच्या संसाराला घरघर लागते. संख्याशास्त्रवाले म्हणतात, शितावरून भाताची परीक्षा होते. मान्य. पण त्यासाठी आधी भात शिजू द्यावा लागतो. दर गुरुवारी झाकण उघडायचं, शीत दाबायचं आणि कच्चं लागलं की पातेलंच उपडं करायचं, ही कुठली परीक्षा? आपल्याकडे म्हणतात, शिजेपर्यंत दम धरवतो, निवेपर्यंत धरवत नाही. वाहिन्यांना यातला पहिला अर्धाही जमत नाही.

उपडं करण्याआधी उपचार होतात, नाही असं नाही. पहिला उपचार लग्न. दोघं एकमेकांना धड ओळखतही नसतात, पण आकडा घसरला की बोहल्यावर चढतात. तेवढ्याने भागलं नाही तर चांगल्या चाललेल्या मालिकेशी 'महासंगम'. तिकडची सासू इकडच्या हळदीकुंकवाला येते, दोन दिवस मिरवते आणि जाताना आपला टीआरपी आपल्याबरोबर घरी घेऊन जाते. मग लीप. पाच वर्षं उलटतात, मूल शाळेत जातं, आई त्याच वयाची राहते, फक्त तिला चष्मा लागतो. सगळ्यात शेवटी स्लॉट बदलतात. संध्याकाळी साडेसहा, नाहीतर रात्री अकरा. जिच्यासाठी मालिका लिहिली ती बाई साडेसहाला लोकलमध्ये उभी असते आणि अकराला झोपलेली. पुढच्या गुरुवारी निष्कर्ष निघतो, प्रेक्षकांनी मालिका नाकारली.

खरी करमणूक असते शेवटच्या आठवड्यात. लेखकाला फोन येतो, 'सर, शनिवारपर्यंत गुंडाळायचंय.' ज्या जाऊबाईंनी पाच महिने दुधात गोळ्या घातल्या, जिन्यावर तेल सांडलं, कोर्टाचे कागद बदलले, त्यांना शनिवारी सात वाजून बावीस मिनिटांनी उपरती होते. कशाने? तर नायिका म्हणते, 'ताई, तुम्हीपण कोणाची तरी लेक आहात ना?' बस्स. आधी शंभरदा म्हणून झालेलं हे वाक्य नेमकं त्या दिवशी लागू पडतं. जाऊबाई पदराने डोळे पुसतात, तेवढ्यात एक ब्रेक होतो. ब्रेकनंतर बेपत्ता सासरे स्मृतीसकट दारात उभे. कोमातला दीर उठून बसतो, त्याची दाढीही केलेली असते. सत्यनारायण होतो. पहिल्या भागापासून कुलूप घातलेल्या माडीवरच्या खोलीत काय होतं, हे विचारायला कोणालाच सवड नसते. ते लेखकालाही माहीत नसतं, सहाव्या महिन्यात ठरवू असं ठरलं होतं. मग अख्खं युनिट, स्पॉटदादांसकट, कॅमेऱ्याकडे बघून हात हलवतं. आणि त्याच भागाच्या ब्रेकमध्ये, सोमवारपासून त्याच वेळेला येणाऱ्या नव्या मालिकेचा प्रोमो वाजत असतो. तेराव्यापर्यंत थांबायची पद्धत इथे नाही.

पडद्यामागचा मामला एवढा विनोदी नाही. मानधन नव्वद दिवसांनी द्यायची या धंद्यातली जुनी रीत आहे. त्यामुळे तीन महिन्यांत आटोपलेल्या मालिकेत पहिला चेक आणि निरोपाचा केक बरोबरच येतात. निर्मात्याने काहीशे भागांच्या भरवशावर वाडा उभा केलेला असतो. साठाव्या भागाला 'बास' म्हटलं, तर वाडा प्लायवूडचा असला तरी कर्ज सागवानी असतं. कलाकाराने या रोलसाठी नाटकाचे प्रयोग सोडलेले असतात. मालिका बंद होतेय हे त्याला बरेचदा पेपरात वाचून कळतं आणि दुसऱ्या दिवशी त्याच पेपरला तो सांगतो, 'हा प्रवास खूप सुंदर होता.' तीन महिन्यांच्या प्रवासात बिचारा ठाण्याच्या ट्रॅफिकपलीकडे पोचलेला नसतो.

सगळं खापर वाहिन्यांच्या डोक्यावर फोडून आपणही मोकळं होऊ नये. 'काय त्या सासवा-सुना, जरा बरं काही दाखवा' असं म्हणणारे आपणच. सोनी मराठीने 2020 च्या जानेवारीत 'सावित्रीजोती' दाखवली. मधले काही महिने लॉकडाऊनने खाल्ले. पण शाहू-फुले-आंबेडकरांचं नाव घेतल्याशिवाय जिथे भाषण सुरू होत नाही, त्या राज्यात फुले दांपत्याची मालिका पुरेसे प्रेक्षक नाहीत म्हणून त्याच डिसेंबरात, गोष्ट अर्ध्यावर असताना बंद झाली. सावित्रीबाईंची 3 जानेवारीची जयंती तोंडावर आलेली होती. बंद होणार हे कळल्यावर हळहळीला पूर आला. लेख आले, पोस्ट फिरल्या. एवढे हळहळणारे रोज रात्री होते कुठे, असं विचारायची सोय नाही. ते दुसऱ्या चॅनेलवर जिन्यावर तेल सांडताना बघत होते.

मालिका छोटी असण्यात कमीपणा काहीच नाही. दूरदर्शनच्या जमान्यात तेरा-तेरा भागांची मंजुरी मिळायची आणि शेवट काय करायचा हे लेखकाला सुरुवातीलाच माहीत असायचं. श्याम बेनेगल यांनी 1988 मध्ये 'भारत एक खोज' केली, तेव्हा देशाची पाच हजार वर्षं 53 भागांत बसली. आज तेवढ्या भागांत हरवलेलं एक मंगळसूत्र सापडत नाही. झी मराठीवर सतीश राजवाडे यांची 'एका लग्नाची दुसरी गोष्ट' 2012 मध्ये सुरू झाली आणि 2012 मध्येच संपली. लोक बघत होते, आणखी मागत होते, तरी संपवली. म्हणून त्यातले घना आणि राधा अजून लोकांच्या तोंडी आहेत. ती संपली होती. आताच्या बंद पडतात.

तेव्हा उपाय सोपा आहे. वाहिनीने लेखकाला पहिल्याच दिवशी सांगावं, शंभर भाग तुझे, शेवट आधी लिहून आण आणि ते होईपर्यंत गुरुवारी आमचा फोन येणार नाही. मालिका पडलीच तर निदान स्वतःच्या चुकीने पडेल, माडीवरची खोली उघडून पडेल. यात खर्च वाढत नाही, उलट लग्नाच्या साड्या वाचतात. फक्त एक अडचण आहे. हा उपाय ज्या साहेबांनी मंजूर करायचा, ते शंभराव्या भागापर्यंत याच खुर्चीत असतील की दुसऱ्या वाहिनीत, हे त्यांनासुद्धा गुरुवारीच कळतं.