मयताचं घराणं कोणतं?

ऑफिसात माझ्या टेबलाला मागून ‘शवागार’ म्हणतात. त्यात खोटं काही नाही. गिऱ्हाइकाकडे प्रोग्रॅम गचकला की मरतानाची त्याची मेमरी एका फाइलमध्ये उतरते आणि ती फाइल माझ्याकडे येते. तिला क्रॅश डंप म्हणतात, आणि तिची चिरफाड करण्याला रीतसर नावच आहे, पोस्ट-मॉर्टेम डीबगिंग. ज्यांच्या वाट्याला जिवंत प्रोग्रॅम येतात ते नवी फीचर लिहितात आणि बढत्या घेतात. माझ्या वाट्याला येतो तो आधीच थंड पडलेला असतो.

मेलेल्याला काही विचारता येत नाही. पण तो कोणत्या प्रोसेसरवर वारला, म्हणजे त्याचं घराणं कोणतं, हे तरी आधी कळावं लागतं, कारण दर घराण्याचे रिवाज वेगळे. नेमकं तेवढंच गिऱ्हाईक लिहायला विसरतं. मेलमध्ये असतं, ‘अर्जंट. क्रॅश झाला. बघा.’

पहिला वांधा बाइटच्या क्रमाचा. एक्स८६ घराण्यात आकड्याचा सगळ्यात हलका बाइट आधी ठेवतात, तर सनच्या स्पार्कमध्ये आणि आयबीएमच्या मेनफ्रेममध्ये सगळ्यात जड. म्हणजे स्पार्कच्या मेमरीत १२ ३४ ५६ ७८ असं नांदणारं कुटुंब एक्स८६च्या मेमरीत ७८ ५६ ३४ १२ असं उभं राहतं. डॅनी कोहेन यांनी १९८० साली, १ एप्रिलचा मुहूर्त गाठून, या वादावर एक टिपण लिहिलं. अंडं कोणत्या टोकाकडून फोडावं यावरून ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’मध्ये भांडणाऱ्या पंथांची नावं त्यांनी दोन्ही पक्षांना दिली, बिग-एंडियन आणि लिटल-एंडियन. टिपणात शांततेचं आवाहन होतं. भांडण अजून मिटलेलं नाही; फक्त आता अंड्याऐवजी माझं डोकं फुटतं.

युनिक्स दुसऱ्या घराण्याच्या मशीनवर नेताना पडद्यावर ‘नक्सी’ उमटलं, अशी कथा या धंद्यात सांगतात. दोन-दोन रोमन अक्षरांच्या जोड्या आतल्या आत उलटल्या की असं होतं. त्याच न्यायाने आमच्या एका डंपमध्ये शहराच्या रकान्यात पुण्याचं ‘उपेन’ झालं होतं. टीममधल्या नव्या मुलाने हा उपेन कोण म्हणून एचआरकडे चौकशी केली. एचआरने ‘तो नोटिस पीरियडवर असेल’ असं कळवलं.

पुढचा रिवाज निरोपाचा. स्पार्क आणि जुन्या मिप्स घराण्यात उडी मारायची सूचना आली तरी लगेच उडी मारत नाहीत. तिच्यामागे उभी असलेली एक सूचना आधी उरकतात, मग निघतात. ‘येतो हं’ म्हणून चपला घातल्यावर दारातच नवा विषय काढणारे पाहुणे असतात, तसं. एक्स८६वर वाढलेला माणूस समजतो की उडीनंतरची ओळ चाललीच नसणार. ती चाललेली असते, आणि गुन्हाही कधीकधी तिथेच घडलेला असतो.

पण खरं विलक्षण घराणं इटॅनियमचं. ते २००१ साली बाजारात आलं, २०२१ साली शेवटचा माल रवाना झाला, आणि मधल्या काळात माझे केस गेले. इथे प्रत्येक थ्रेडला दोन स्टॅक, एक वरून खाली वाढणारा, दुसरा खालून वर. साधी रजिस्टरं १२८, आणि प्रत्येकाच्या ६४ बिटांना वर एक जादा बिट, नाव ‘नॉट अ थिंग’. तो लागला की रजिस्टर सांगतं, मी वस्तूच नव्हे. साक्षात नेति नेति! असं रजिस्टर बेरजेत घेतलं तर उत्तरही नेति. मेमरीत साध्या पद्धतीने लिहायला गेलात की प्रोग्रॅम थेट मोक्षाला. अध्यात्माचा गंध नसलेले कितीतरी प्रोग्रॅम असे माझ्या डोळ्यांदेखत मुक्त झाले.

आता एक केस जरा जवळून. वर्षानुवर्षं एक्स८६वर सुरळीत चाललेला प्रोग्रॅम गिऱ्हाइकाने स्पार्कवर नेला आणि तो पहिल्याच दिवशी ‘बस एरर’ देऊन आडवा झाला. डंप उघडला. पत्त्याचा शेवटचा आकडा १. म्हणजे चार बाइटची रक्कम विषम पत्त्यावर राहायला गेली होती. रेकॉर्डच्या सुरुवातीला एका बाइटची खूण, आणि तिला खेटून, मध्ये रिकामी जागा न सोडता, रक्कम. स्पार्कचा नियम असा, की चार बाइटच्या आकड्याचा पत्ता चाराने भागला गेलाच पाहिजे. एक्स८६ असला आकडा मुकाट्याने जमवून देतो, फार तर जरा वेळ घेतो. स्पार्क जागच्या जागी जीव देतो. मीटिंगमध्ये एकमताने ठरलं, ‘स्पार्कमध्ये बग आहे.’

हल्ली क्लाउडमध्ये एआरएमचे सर्व्हर आले, तेव्हा हेच नाटक नव्या संचात. लिनक्सवर सी भाषेतला ‘कॅर’ एक्स८६वर उणे आकडे धरतो, एआरएमवर धरत नाही. ‘फाइल संपली’ सांगणारा उणे १ त्यात ठेवला की एआरएमवर त्याचे २५५ होतात. फाइल संपते, लूप संपत नाही. तो बफरमध्ये कोंबत राहतो आणि शेवटी माझ्या टेबलावर येतो. या वेळी मीटिंगने एआरएमला दोषी धरलं.

इतकी मढी उलगडल्यावर माझं मत पक्कं झालंय. बदनाम होतो तो कडक प्रोसेसर, पण त्याने फक्त चव्हाट्यावर आणलेलं असतं. पाप आपल्याच कोडमधलं, आणि सोशिक प्रोसेसरने ते पोटात घातलेलं. ‘आमच्याकडे तर चालतं’ याचा अर्थ प्रोग्रॅम बरोबर आहे असा नसून तुमचा प्रोसेसर सहनशील आहे एवढाच. म्हणून माल बाहेर पाठवण्याआधी एखाद्या खाष्ट मशीनवरही चालवून बघा. तरीही डंप पाठवायची वेळ आलीच, तर प्रोसेसरचं नाव लिहा आणि त्याच बिल्डच्या सिम्बॉल फाइल्स जोडा. आणि हात जोडून सांगतो, डंपऐवजी मोबाइलने काढलेला स्क्रीनचा फोटो पाठवू नका. त्यात काचेवर पडलेला तुमचा चेहरा तेवढा नीट दिसतो.